‘खडकातली वेल’ बघितल्यावर

सेंट्रल जेल
२७ जानेवारी २०२५

ताई,

तुला आणि आईला जय भीम. फोनवर बोलायला लागलो की आई रडते आणि वेळ संपून जातो, म्हणून हे पत्र. कागद कारभारीबाबांनी दिला. त्यांचं अंथरूण माझ्या शेजारी असतं. बांधाच्या भांडणात भावकीतला माणूस गेला, तेव्हापासून ते आत आहेत.

काल झेंडावंदन झालं, बुंदी भेटली, आणि दुपारी एका संस्थेच्या लोकांनी हॉलमध्ये पडदा लावून पिच्चर दाखवला. ‘खडकातली वेल’. बाहेर लई चालला म्हणे. जेलरसाहेबांना वाटलं शेतीचा पिच्चर आहे. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरची माणसं वाईन बनवायलेत. मग ते खुर्चीत चुळबुळ करायला लागले, पण तोवर सगळा हॉल रंगला होता. बंद करायची सोय राहिली नव्हती.

तू बघितला नसशील, म्हणून सांगतो. दुष्काळी गाव असतं. चौघं दोस्त खडकाळ माळावर द्राक्षं लावतात, वाईन करायची म्हणतात. गाव हसतं. त्यांच्यातला एक, सदा नावाचा, एका मोठ्या व्यापाऱ्याला फितूर होतो आणि यांचा सगळा माल जप्त होतो. शेवटी पुण्याच्या हॉटेलात स्पर्धा असते. ऐन वेळी सदा तिथं येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी होती, यांची नव्हती. मग फॉरेनचा परीक्षक एक घोट घेतो, डोळे मिटतो, आणि यांचा पहिला नंबर येतो. गाव नाचतं.

ताई, माणसं रडत होती. ज्यांच्याकडं बघून भीती वाटावी अशी माणसं बाहीनं डोळे पुसत होती. मोटारसायकलच्या केसमधला पप्पू तेवढा ओरडला, “बे, ह्यांना लायसन एका गाण्यात भेटलं! मला भेटलं असतं तर कशाला दुसऱ्याची गाडी चालवली असती?” सगळे हसले. नंतर संस्थेच्या मॅडमनी विचारलं, पिच्चरमधून काय शिकलात? मागून एकजण म्हणाला, “सोबतचा मानूस पारखून घ्यावा.” तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी केस बराकीत सगळ्यांना पाठ आहे. बाटलीवर माझं लेबल होतं, वरातीत माणसांनी प्यायली, आणि चंद्रभागाकाकूंचा माऊली आणि तो बँडवाला सकाळपर्यंत राहिले नाहीत.

वरातीत त्या बाटल्यांत जे होतं ते मी भरलं नव्हतं. जांभळाच्या वाईनचा पहिला माल आंबला म्हणून मी ओतून दिला, बाटल्या लेबलासकट शेडमागं ठेवल्या. त्या कुणाला गेल्या ते माझ्या भागीदाराला, रामहरीलाच माहीत. पण त्यानं पोलिसांत सांगितलं की माल माझ्या शेडातून थेट वरातीत गेला. पोलीस यायच्या आधी टाक्याही त्यानंच घाबरून ओतल्या. तपासायला थेंब राहिला नाही.

काल रात्री मला किती दिवसांनी झोप लागली. ताई, रामहरी वाईट नाही. शाळेपासून आमचं एक ताट. सदा आला तसा तोही येईल, त्याला कुणी जाऊन नुसतं विचारलं तर. तू एकदा हा पिच्चर बघ, आणि मग त्याच्याकडं जा. माझं एवढं ऐक.

अंजलीला म्हणावं एक ओळ तरी लिही.

तुझा अंगद


चकलांबा
६ फेब्रुवारी २०२५

अंगद,

जय भीम. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “परत वाच.” परत वाचलं.

पिच्चर बघ म्हणालास म्हणून बघितला. अंगणवाडीतली लेकरं खिचडी खाऊन गेल्यावर आमच्या मदतनीस छबुबाईंच्या मोबाइलवर, आई, त्या आणि मी. छबुबाईंना लई आवडला. “मन कसं हलकं झालं बाई,” म्हणाल्या. त्यांनी सुनेलाही दाखवला. आमच्या घरच्यांनी नंतर बघितला आणि म्हणाले, द्राक्षाला एकदाही फवारणी केली नाही, हे पीक कसं आलं?

आईनं अर्ध्यापर्यंत बघितला. मग म्हणाली, “पाऊस पडला तर सगळे नाचायलेत, अन् चिखल कुणाच्याच पायाला न्हाई.” शेवटी सगळे ग्लास उंच करतात ना, तिथं तिनं तोंड फिरवलं. तुला माहीत आहे तिचं. विहारात इतकी वर्षं पाचवं शील, दारूपासून लांब राहीन म्हणून, तोंडानं म्हणत आली, आणि पोटचं पोरगं टाक्या बसवून राहिलं. तू तिला सांगितलं होतंस की ही दारू नाही, जांभळाचा रस आहे, औषधावाणी. तिनं ते कधी मानलं नाही. आता ती म्हणते, मी मानलं न्हाई पर अडवलंबी न्हाई. पिच्चर संपल्यावर असंच काहीतरी पुटपुटत उठली.

माझं मत विचारशील तर ऐक. मला राग आला. त्या पिच्चरमध्ये कुणी दुसरा ग्लास घेत नाही. कुणाच्या दारात पोलिसाची गाडी उभी राहत नाही. माल जप्त होतो तेव्हा हिरो एकटा टेकडीवर जाऊन बसतो आणि गाणं लागतं. तुला धरून नेलं तेव्हा आम्ही कुठं बसलो होतो, आठवतं? ठाण्याच्या पायरीवर, आणि आईला पाणीसुद्धा कुणी दिलं नाही.

रामहरीकडं मी जाणार नाही. पिच्चरमधला सदा पुण्याला पोचला, कारण लिहिणाऱ्यानं त्याला गाडीत बसवलं. रामहरीला कोण बसवणार? त्याच्या दारात जाऊन पदर पसरायचा आणि तोंड घेऊन परत यायचं, हे माझ्यानं होणार नाही.

अंजली बरी आहे. कामात असते, म्हणून लिहायला होत नाही.

तब्येतीला जप. थंडी आहे, चादर पुरते का ते कळव.

ताई


सेंट्रल जेल
१४ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझ्या पत्राचा मला राग आला नाही. मीच तिथं असतो तर असंच लिहिलं असतं. पण मी इथं आहे.

वरच्या कोर्टातही जामीन नामंजूर झाला. वकिलानं निरोप धाडला, स्वतः आला नाही. सतरा मार्चला बीडच्या कोर्टात माझ्यावर आरोप ठेवणार आहेत. त्या दिवशी जज विचारतात, गुन्हा कबूल आहे का? ताई, मी हो म्हणणार आहे.

लगेच रडू नको, आधी वाच. इथं दोन जातीची माणसं आहेत. एक शिक्षा झालेली आणि एक आमच्यासारखी, कच्ची. शिक्षा झालेल्याला वर्षं मोजता येतात. तो भिंतीवर रेघ तरी मारतो. मी कशाची रेघ मारू? सकाळी उठतो तेव्हा आजचा दिवस कशात धरला जाणार आहे हेच मला कळत नाही. कबूल केलं तर निदान आकडा भेटेल. अंजलीला तिचं बघता येईल. आईला रोज वाट बघायची वेळ येणार नाही.

कारभारीबाबांना हे सांगितलं तर त्यांनी मला शिवी दिली. म्हणाले, “न केलेलं कबूल करतो का? तुझ्यापेक्षा मी बरा, म्या केलेलंबी कबूल केलं न्हाई.”

बराकीत अजून त्या पिच्चरचीच चर्चा आहे. सदा का आला, यावर रात्रंदिवस वाद. बाबा म्हणतात, त्याचं मन त्याला खायला लागलं. पप्पू म्हणतो, व्यापाऱ्यानं त्याचा वाटा बुडवला, म्हणून आला. एक मास्तर आहेत, ते म्हणतात, पिच्चर संपवायचा होता म्हणून आला. मी त्या सीनचा लई विचार केला. सदा स्टेजवर येतो तेव्हा त्याच्या चपला धुळीनं भरलेल्या असतात. म्हणजे त्याच्या घरी कुणीतरी गेलं असणार. कुणीतरी त्याला म्हणालं असणार की चल. ते दाखवलं नाही, एवढंच.

ताई, तू जा. माझ्यासाठी नको जाऊ, तुझ्या मनाची खात्री म्हणून जा. तो नाही म्हणाला तर मग मी मोकळा. मला जे करायचं ते करीन.

अंजलीनं अजून एक ओळ लिहिली नाही. तिला लिहिता येतं, ताई. मी तिला लग्नानंतर बारावीला बसवली होती. काहून लिहीत नाही ते तू मला खरं सांग.

अंगद


चकलांबा
२४ फेब्रुवारी २०२५

अंगद,

गेले होते. आईला घेऊन गेले.

रामहरी आता कडा गावात असतो. स्टँडजवळ त्यानं रसवंती टाकली आहे. चरकाला घुंगरं बांधलेली, त्यामुळं लांबून ऐकू येतं. आम्हाला बघून त्यानं चरक बंद केला. मला वाटलं पळतो की काय. पळाला नाही. बाकडं पुसून आईला बसवलं, तिच्या पाया पडला.

मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, “ताई, ‘खडकातली वेल’ बघितला का? तीनदा बघितला म्या. बायकोला घेऊन नगरला थेटरात गेलतो. आमचाच पिच्चर हाय ओ तो. ते पहिल्या टाकीला कान लावून फसफस ऐकत बसतेत ना? म्या अन् अंगद असंच बसत होतो.”

त्याचे डोळे भरून आले होते. सोंग नव्हतं ते. मी विचारलं, “त्यातलं कोण आवडलं तुला?”

“हिरो. आपलं कसं, त्याच्यावाणीच होतं सगळं.”

“आणि सदा?”

तो चरक पुसायला लागला. मग हळूच म्हणाला, “सदाला कुणी काय करत न्हाई, ताई. मिठी मारतेत. मला कोण मिठी मारंल?”

मग त्यानं आपण होऊन सांगितलं. आईसमोर. “रिकाम्या बाटल्या म्या दिल्या. भंगार म्हणून, त्या ढाबेवाल्याला. त्यानं त्यात काय भरलं मला काय ठावं? सकाळी मानसं मेली म्हणून कळलं अन् माझं डोस्कंच बंद पडलं.”

“मग हेच कोर्टात सांग.”

“त्याची मानसं रोज हितं येऊन रस पितेत. माझ्या लेकरांच्या शाळंचं नाव घेऊन इचारतेत, पोरं कशी हायत. सांगू कसं?”

आई उठली आणि तिनं त्याला हात जोडले. तिचे जोडलेले हात त्यानं धरले, कपाळाला लावले, आणि हमसून रडला. पण हो म्हणाला नाही. मग त्यानं आमच्यासाठी दोन ग्लास रस काढला. आलं-लिंबू घालून. आई नको म्हणाली. मी प्याले, कारण उन्हानं चक्कर येत होती. तो रस अजून माझ्या घशात आहे.

तर तू म्हणालास तशी खात्री झाली. तुझी माणसाची पारख बरोबर होती, तो वाईट नाही. त्याचा आपल्याला उपयोग मात्र काहीच नाही.

आता अंजलीचं. ती दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, तिच्या भावाच्या कोयत्यात, म्हणजे त्याच्या जोडीनं तोडायला, कोल्हापूरच्या बाजूला. गावात तिला कुणी रोजानं बोलावत नव्हतं. विहिरीवर बायका हंडा बाजूला घ्यायच्या. तुला सांगू नका म्हणून तिनंच शपथ घातली होती. ती तुला सोडून गेलेली नाही, हे आधी डोक्यात घे. फोन लागला की पहिला तुझाच विषय काढते. म्हणते, बोटं सुजलेली असतात, अक्षर वाकडं येतं, ते बघून ते समजून जातील.

कबूल करायचं मनातून काढून टाक. मी हात जोडते.

ताई


सेंट्रल जेल
३ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र भेटलं. शनिवारी बराकीतल्या टीव्हीवर परत तोच पिच्चर लावला. सगळ्यांनी मागणी केली होती. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. सदा स्टेजवर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पप्पू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “वाईनवाले, आला बघ तुझा रामहरी.” मी उठून त्याला मारलं. तो अंगानं किती आहे तेही बघितलं नाही. त्याच्या नाकातून रक्त आलं. मला वेगळं ठेवलं होतं, काल परत आणलं. पप्पूनं तक्रार केली नाही. उलट मला बिडी दिली. मी आजवर कुणावर हात उचलला नव्हता, ताई. आता मला माझीच खात्री वाटत नाही.

कारभारीबाबा ह्या वेळी रडले नाहीत. म्हणाले, “दुसऱ्यांदा बघितलं की कळतं. त्याच्यात कुणी वाट बघत बसत न्हाई. दोन वर्सं एका गाण्यात जातेत.”

अंजलीच्या हातात कोयता आहे, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. रामहरीला मिठी मारणारा कोण, असं तो विचारतो. मी मारली असती. त्याला सांगू नको.

माझं ठरलं आहे. सतराला हो म्हणणार. अंजलीला सांग, तिनं तिचं आयुष्य बघावं, मी राग धरणार नाही. त्या दिवशी कुणी कोर्टात येऊ नका. आईला तर आणूच नको. मला ते तिच्यासमोर म्हणता येणार नाही.

अंगद


चकलांबा
१० मार्च २०२५

अंगद,

हे पत्र तुला सतराच्या आत भेटावं म्हणून स्वतः पोस्टात जाऊन स्पीडपोस्टानं टाकते आहे. तुमच्याकडं वाचून देतात, त्यात किती दिवस जातात कोण जाणे. जो कुणी हे वाचत असेल त्यांना विनंती, एवढं पत्र लवकर द्या.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हते. तिनं माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, “वाच.” वाचलं. ती उठली, पायात चपला घातल्या. मग म्हणाली, “चंद्रभागाकडं चल.”

मी म्हणाले, आई, वेडी का तू? ज्या बाईचा माऊलीसारखा पोरगा गेला, जिनं आपल्या अंगदवर फिर्याद दिली, तिच्या दारात? ती आपल्याला दगड मारील.

आई म्हणाली, “मारू दे. रामहरी जे बोलला ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय. जिचं लेकरू गेलं तिलाच ठावं न्हाई. हे कसं चालंल? अंगदच्या सुटकेसाठी न्हाई म्हणत मी. तिला कळाया पायजे.”

गेलो. आपल्या गावातलं तुझं घर बंदच आहे, कुलूप नीट आहे. चंद्रभागाकाकू मेंढवाड्याच्या तोंडाशी मेंढरांना पाला टाकत होत्या. आम्हाला बघून थांबल्या. बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. आईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बाटल्या, भंगार, ढाबेवाला. जसं रामहरी बोलला तसं, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही. वर म्हणाली, “मी माझ्या पोराची आई हाय, मी खोटं बोलू शकते. तू रामहरीला इचार.”

काकू पाला टाकत राहिल्या. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाल्या, “शिवजयंतीला पोरांनी चौकात पिच्चर लावला. तो वाईनचा. मला पुढं नेऊन बसवलं, मन रमंल म्हणाले. सगळं गाव हसत होतं, माझ्याकडं बघून मधीच गप होत होतं. मी पूर्ण बघितला. चांगला हाय. त्याच्यात पितेत ते सगळे सकाळी उठतेत.”

अंगद, मला तिथं उभं राहवेना. आईनं तिचा हात धरायला हात पुढं केला, तर काकूंनी हात मागं घेतला. “जावा आता,” म्हणाल्या. “मला मेंढरं सोडायचीत.” आम्ही आलो.

त्या काय करतील मला कळत नाही. मनात काय आहे ते त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. कदाचित काहीच करणार नाहीत. मी तुला खोटी आशा देत नाही, पिच्चरनं दिली तेवढी पुरे झाली.

पण हो म्हणू नकोस. तू हो म्हणालास की मी कुठं जाऊ? आजवर मी लोकांना तोंड वर करून सांगत आले, माझ्या भावानं केलं नाही. उद्या माझ्या भावानंच मला खोटं पाडलं तर? सतराला आमची वरून तपासणी आहे, मॅडमनी सुट्टी नाकारली. तरी मी बघते. आई मात्र तू नको म्हणालास तरी येणार आहे.

अंजलीला तुझा निरोप सांगितला नाही, आणि सांगणारही नाही. तुझं तूच तिला सांग, तोंडावर.

ताई


सेंट्रल जेल
१९ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र मला काल भेटलं. सतराला माझ्या हातात ते नव्हतं, म्हणून जे झालं ते तसं झालं. आईनं तिच्या परीनं तुला सांगितलं असेल, पण ती मागं बसली होती आणि तिला कमी ऐकू येतं. म्हणून मी लिहितो.

सकाळी गाडीत बसवलं तेव्हा मी शांत होतो. जेवण गेलं नव्हतं, पण झोप लागली होती. गाडीत मनातल्या मनात ‘हो साहेब’ एवढंच घोकत होतो. कोर्टात नाव पुकारलं. आत गेलो तर मागच्या बाकावर आई. आणि तिच्या शेजारी, मध्ये वीतभर जागा सोडून, चंद्रभागाकाकू.

मला वाटलं, ही मला ऐकायला आली आहे. तिच्या पोराला मी मारलं हे माझ्या तोंडून ऐकायला आली आहे. मला वाटलं, बरंच झालं, एकदाच होऊन जाऊ दे.

जजसाहेबांनी आरोप वाचून दाखवला. त्यात माऊलीचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. ते नाव ऐकल्यावर मागं काकूंच्या बांगड्या वाजल्या. मग साहेबांनी विचारलं, “आरोप समजले?” मी म्हणालो, समजले. “गुन्हा कबूल आहे?”

ताई, तोंड उघडलं होतं. वळून काकूंकडं बघितलं. वळायला नको होतं, पोलिसानं दंड दाबला, तरी बघितलं. आणि मनात आलं, मी आता हो म्हणालो तर ही बाई ते खरं धरून घरी जाईल. मरेपर्यंत मेंढरामागं हिंडताना तेच खरं धरून राहील. थकलो आहे मी. माझ्या थकव्यापायी तिला तिच्या लेकराचं खोटं मरण देऊ?

“न्हाई,” मी म्हणालो. साहेब म्हणाले, “मोठ्यानं सांगा.” मी म्हणालो, “कबूल न्हाई साहेब. म्या केलं न्हाई.”

वकिलानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं कागद गोळा केले. मला वाटलं संपलं, आता परत तेच. तेवढ्यात सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, फिर्यादीचा एक अर्ज आहे. त्या ढाब्याचा आणि बाटल्यांचा परत तपास व्हावा, असा. खाली चंद्रभागाकाकूंचा अंगठा होता. साहेबांनी काकूंना पुढं बोलावलं. विचारलं, “हा अर्ज तुम्ही दिलाय? कुणी दबाव आणला का?”

काकू म्हणाल्या, “माझ्यावर कोण दबाव आणंल? माझ्याकडनं घ्यायला आता काय राहिलंय?”

साहेबांनी अर्ज परत वाचला. मग अर्जावर पुढच्या तारखेला ऐकू म्हणाले. माझी सुटका झाली नाही, ताई. जामीनही नाही. अर्जात होतं, काकू आधी कड्याला जाऊन आल्या होत्या, तर रामहरीची रसवंती बंद होती, दाराला कुलूप. तो कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. अर्ज फेटाळतीलही. इथले मास्तर म्हणतात, फार धरून बसू नको.

मला बाहेर आणलं तेव्हा जिन्याजवळ काकू उभ्या होत्या. पोलीस म्हणाला, बोलायचं नाही. त्या त्याला म्हणाल्या, “मी बोलत न्हाई, मी ह्याला बघतेय.” आणि बघत राहिल्या. मग बोलल्याच. “तू हो म्हणला असतास तर मी तुझं मानलं असतं. अन् ज्यानं मारलं तो ढाब्यावर बसून राहिला असता.”

मी खाली वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाल्या, “पाया पडू नगंस. माझा राग गेला न्हाई. कुणावर धरायचा ते मला कोर्टाकडनं पायजे.”

आई तिथंच होती. ती म्हणाली, “चंद्रभागा, एसटी जाईल.” दोघी गेल्या. आई पुढं, काकू मागं, बोलत नव्हत्या.

परत आल्यापासून मला भूक लागते आहे. आज दोन वेळा जेवलो. पप्पूची भाकरी पण खाल्ली. अंजलीचा पत्ता, कुठल्या कारखान्याची टोळी आहे ते, मला कळव. तिचं अक्षर वाकडं असलं तरी चालेल म्हणावं. आधी मी लिहीन.

पुढची तारीख एकवीस एप्रिल. तोवर ऊसतोड संपत आलेली असेल. ताई, त्या दिवशी तू ये. सुट्टी नाही दिली तरी ये.

अंगद